दोघांशी बोलणारा पाय

फुला, आधी मशीनचं सांगायला हवं, कारण तू असतीस तर पहिलं तेच विचारलं असतंस. पण तुझ्या वहिनीनं आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. ती कुठलीही गोष्ट पहिल्यापासूनच सांगणार. मशीनचं शेवटी येईल, तोवर दम धर.

लिहिते आहे तुला, पण वाचणार आहेत आपली नातवंडं, कॅनडातली. तू दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस, हे त्यांना कळवलं तेव्हा दोघंही फोनच्या पडद्यावर रडली. मग इरानं नाक पुसत विचारलं, "आजी, फुलाआजी त्या तीन पायांच्या किड्याचं नक्की काय करायची?" मागच्या उन्हाळ्यात तू तिच्या तळहातावर ठेवलेला ट्रान्झिस्टर तिला अजून आठवत होता. मी म्हटलं, नीट लिहून पाठवते. लिहायला बसले आणि लक्षात आलं की यातलं अर्धं उत्तर माझं आहे आणि अर्धं तुझं, आणि त्या दोन अर्ध्यांचं चाळीस वर्षं पटलेलं नाही. म्हणून तुलाच लिहिते. तुला ठाऊक असलेलं पुन्हा सांगितलं तर जांभई देऊ नकोस, ते मुलांसाठी आहे.

मी नागपूरहून इंग्रजीतून बी.एस्सी. करून अनसिंगला सून म्हणून आले. घराच्या पुढच्या खोलीत मामंजींचा रेडिओ दुरुस्तीचा बाक होता आणि बाकामागे तू. सातवी शिकलेली, किन्हीराजाला वर्षभर नांदून परत आलेली. काहून आली, असं कोणी विचारलं की तुझं एकच उत्तर ठरलेलं असे, "तिथी रेडिओ नव्हता." लोक हसायचे आणि विषय संपायचा. मीही हसले. त्यामागे दुसरं काही असेल तर ते मी कधीच विचारलं नाही, आणि आता विचारायला तू नाहीस. एवढं एक सल म्हणून राहील. बाकी तुझ्याविषयी आठवू लागले की मला हसूच येतं, आणि त्याबद्दल मला आता अपराधी वाटेनासं झालं आहे.

पहिल्याच आठवड्यात मी तुझ्या बाकापाशी येऊन विद्या पाजळली. ट्रान्झिस्टर म्हणजे सेमिकंडक्टरचं उपकरण, त्यात तीन थर असतात, वगैरे. तू मान वर न करता म्हणालीस, "थे मले नाई माईत, वैनी. तुमच्या माहेरचा एखादा बिघडेल रेडिओ असन त आना."

आता मुलांसाठी तुझं अर्धं. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : एमिटर, बेस आणि कलेक्टर. तू ते समजवायला वावरातल्या पाटाचं दार घ्यायचीस. पाटात पाणी भरून उभं आहे आणि वाटेत एक लाकडी फळी आहे. फळी दोन बोटं उचलली की दोन बोटं पाणी जातं, चार बोटं उचलली की चार. "उचलाले जोर किती लागते? पोट्टीच्या हाताचा. अन् पानी सारं वावर भिजवते." बेस म्हणजे ती फळी उचलणारा हात. माणूस मायकात बोलतो तेव्हा तारेत अगदी बारीकसा प्रवाह थरथरतो. तो बेसला जातो आणि फळी वरखाली करतो, आणि कलेक्टरकडून एमिटरकडे जाणारा दांडगा प्रवाह तसाच वरखाली होत भोंग्यापर्यंत पोचतो.

यावर तू एक गोष्ट बोललीस ती माझ्या कुठल्याच पुस्तकात इतकी स्वच्छ लिहिलेली नव्हती. मी म्हटलं होतं, ट्रान्झिस्टर आवाज मोठा करतो. तू सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलंस. "दार कई पानी देते काय, वैनी? पानी त मांगून येते, लाइनीतून. दारानं फक्त त्याले चाल शिकोली." म्हणजे मायकातला आवाज मोठा होतच नाही. विजेचा जो मोठा प्रवाह आधीच तयार असतो, त्याला त्या आवाजासारखं चालायला लावलं जातं. पुढे दरवर्षी हे वाक्य मी वर्गात वापरलं. ते कोणाचं आहे हे मुलांना सांगितलं नाही. आज सांगते.

आता माझं अर्धं. फळी म्हणणं सोपं आहे, पण ट्रान्झिस्टरच्या आत हलणारी फळी नसते. तिथे तीन थर चिकटून असतात आणि मधला थर फार पातळ असतो. ते सांगायला मी आपली गल्ली घेतली. बाजाराच्या दिवशी एस.टी. स्टँडवरून माणसांचा लोंढा निघतो आणि आपल्या चिंचोळ्या गल्लीतून पलीकडच्या बाजारात उतरतो. स्टँड म्हणजे एमिटर, बाजार म्हणजे कलेक्टर, गल्ली म्हणजे बेस. लोंढा इलेक्ट्रॉनचा. गल्ली इतकी आखूड की शंभरातला एखादाच आपल्या ओट्यावर चहाला थांबतो, बाकीचे आरपार जातात. त्या थांबणाऱ्या एकाची सोय बेसच्या बारीक प्रवाहातून होते. ती सोय जितकी करावी तितका लोंढा जातो. बंद केली की गल्लीच्या तोंडाशीच माणसं थबकतात. चित्र इथपर्यंतच चालतं, पुढे ताणू नये. आणि हो, इलेक्ट्रॉन जिकडे जातात त्याच्या उलट दिशेनं प्रवाहाचा बाण काढायची जुनी रीत आहे, म्हणून तुझा पाट कलेक्टरकडून एमिटरकडे वाहतो आणि माझी माणसं एमिटरकडून कलेक्टरकडे. दोन्ही एकच. यावर तू म्हणाली होतीस, "मंग भांडलो काहून आपन?" भांडलो, कारण मजा येत होती.

एका गोष्टीवर मात्र तू मला शेवटपर्यंत दाद दिली नाहीस. ती म्हणजे होल. मधल्या थरात काही जागा इलेक्ट्रॉनविना रिकाम्या असतात, त्यांना होल म्हणतात, आणि ही रिकामी जागा एकीकडून दुसरीकडे सरकते, असं मी शिकवत असे. "खड्डा कई चालते काय?" असं तू म्हटलंस आणि दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगून हसलीस. मी तुला विहारातल्या बैठकीचं उदाहरण दिलं. वंदनेला सगळे रांगेत बसलेत. पुढचा एक उठून गेला की मागचा त्याच्या जागी सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा, असं करत रिकामी जागा शेवटच्या रांगेत जाते. तू विचार केलास. चांगला दोन कप चहा होईपर्यंत केलास. मग म्हणालीस, "मंग मानसंच सरकले ना, वैनी. जागा कुठी सरकली? तुमी रिकामं मोजून राह्यल्या, मी भरेल मोजते." मी म्हटलं, हिशेबाला रिकामं मोजणं सोपं पडतं. तू म्हणालीस, "तुमच्या हिशेबाले सोपं पडते म्हून खड्ड्याले पाय फुटन काय?" ते भांडण तिथेच राहिलं. त्याबद्दल पुढे येईल.

आधी आपलं खरं भांडण.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. एका ट्रान्झिस्टरनं बल्ब लावून दाखवायचा होता आणि सामान घेऊन तू आली होतीस. मी फळ्यावर चिन्ह काढलं : मधे बेस, दोन बाजूंना एमिटर आणि कलेक्टर. मग टेबलावरच्या ट्रान्झिस्टरचा मधला पाय धरून म्हटलं, हा बेस. सगळा वर्ग आणि दोन शिक्षक समोर असताना तू मागून बोललीस, "वैनी, चित्रातला मधला अन् हातातला मधला येक नसते. यायचा बेस कडेले हाये." मी पुस्तक उघडून तुझ्यासमोर धरलं आणि म्हटलं, "हे पाहा, पुस्तकात असंच आहे." मोठ्यानं म्हटलं. तू पुस्तकाकडे पाहिलंस, पिशवी उचललीस आणि गेलीस. बल्ब लागला नाही. मी सर्वांना सांगितलं की सेल उतरला असावा.

त्यानंतर कित्येक दिवस तू मला वैनी म्हटलं नाहीस. मॅडम म्हणत होतीस. "मॅडम, भाजी निवडू काय? मॅडम, दादानं चाबी कुठी ठेवली?" तुझे दादा, म्हणजे माझे यजमान, पोस्टातले. दोन बायकांच्या मधे पडायचं नाही हे त्यांचं धोरण. ते ताटावर मान खाली घालून जेवत.

मुलांना एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावातल्या विहाराची आवाजाची मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, नेहमी तूच दुरुस्त करायचीस, आणि कार्यक्रमाआधी मायक तपासायलाही तूच. बाकीचे हॅलो, वन, टू, थ्री म्हणतात. तू म्हणायचीस, "वैनी, आयकू येऊन राह्यलं काय?" साऱ्या अनसिंगला ते ऐकू जायचं. मी आपल्या गच्चीवरून उत्तर द्यायची. तुला नुसता हात हलवलेला चालला असता, पण मला पद्धत लागते, म्हणून मी दोन फडकी ठरवली होती : आवाज नीट असेल तर पांढरं, भोंगा शिट्टी मारत असेल किंवा फाटत असेल तर लाल. त्या रुसव्याच्या दिवसांत तू मायकात नुसतंच हॅलो म्हणत राहिलीस. मी तरी गच्चीवर जात होते. मग जयंतीच्या सकाळी भोंगा खरखरला, थोडा थांबला, आणि म्हणाला, "वैनी, आयकू येऊन राह्यलं काय?" मी पांढरं फडकं इतकं हलवलं की ते हातातून सुटून शेजारच्या जैन काकूंच्या वाळवणावर पडलं.

भांडण मिटलं. पण बरोबर कोण होतं, ते कोणीच काढलं नाही. मी तर नाहीच.

आता मशीन. तू गेलीस तेव्हा विहाराची मशीन तुझ्या बाकावर उघडी पडली होती. आउटपुटच्या दोन ट्रान्झिस्टरपैकी एक जळालेला तू काढून ठेवला होतास, त्याच्या तीन तारा मोकळ्या लोंबत होत्या, आणि अकोल्याहून आणलेला नवा कागदाच्या पुडीत होता. चौथ्या दिवशी विहाराच्या मंडळाचे गौतमराव आले. रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता.

"वैनी, मशीन तशीच राहू द्या. वाशिमाहून साउंडवाला बलावतो. तुमी कायले तरास घेता?"

मी म्हटलं, "फुलाच्या कार्यक्रमात दुसऱ्याची मशीन बोलणार नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत थांबा."

"अन् नाई झाली त?"

"नाही झाली तर मी स्वतः तुमच्या साउंडवाल्याला फोन करीन."

ते गेल्यावर तुझे दादा म्हणाले, "तुझ्या हातानं आजवर फ्यूज बसला नाही." खरं होतं. तेहतीस वर्षं शिकवलं, पण सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलं नाही. ती तुझी हद्द होती आणि खडू ही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या स्टुलावर बसले. वही काढली, चित्र काढलं, कुठली तार कुठून येते ते शोधलं. एक तार आधीच्या भागातून येत होती, ती बेसची. एक विजेच्या पुरवठ्याकडून, ती कलेक्टरची. उरली ती एमिटरची. तीनही नावं चिठ्ठ्यांवर लिहून तारांना चिकटवली. तू असतीस तर म्हणाली असतीस, लगनाचे आहेर लिहून राह्यल्या काय. ट्रान्झिस्टरच्या मागे अभ्रकाचा पापुद्रा ठेवला, उष्णता निघून जायला पांढरा लेप लावला, स्क्रू आवळला. मग तीन तारा तीन पायांना जोडल्या. बेसची तार मधल्या पायाला. हे लिहिताना आत्ता मला लाज वाटते आहे, पण त्या वेळी मनात शंकासुद्धा आली नाही. हात आपोआप मधल्या पायाकडे गेला. फळ्यावर तो हात तिथेच जात आला होता.

देव नव्हे, तुझा बल्ब पावला. दुरुस्त केलेली मशीन तू कधी सरळ लाइनला जोडत नसायचीस. वाटेत शंभराचा एक बल्ब असायचा. आत सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. आत काही उलटसुलट असेल तर भगभगीत पेटतो, मार स्वतःवर घेतो आणि मशीन वाचवतो. मी बटण दाबलं आणि बल्ब असा पेटला की तुझे दादा आतल्या खोलीतून म्हणाले, "लाइट आली का?"

बटण बंद केलं. सगळं चित्र पुन्हा तपासलं. चित्र बरोबर होतं. तारा बरोबर होत्या. मग माझं लक्ष वीज तपासायच्या तुझ्या मीटरकडे गेलं आणि तुझा आवाज ऐकू आला म्हणत नाही, असलं मी लिहीत नाही, पण तुझं वाक्य आठवलं. पुसट नंबरचा ट्रान्झिस्टर आला की तू म्हणायचीस, "जो दोघायसंगं बोलते, थो बेस." मी समजत होते की ही युक्ती फक्त नंबर पुसलेल्यांसाठी आहे.

मुलांनो, ती अशी. मीटरची लाल तार एका पायावर ठेवायची आणि काळी उरलेल्या दोन पायांना एकेकदा लावायची. ज्या पायावर लाल ठेवली की दोन्हीकडे आकडा उमटतो, तो बेस. (ट्रान्झिस्टरच्या दुसऱ्या जातीत हेच काळी तार धरून करायचं.) मी तारा सोडवल्या, लाल तार मधल्या पायावर ठेवली. काही नाही. मीटर गप्प. मग ती डावीकडच्या, कडेच्या पायावर ठेवली. काळी मधल्याला लावली, आकडा आला. काळी पलीकडच्याला लावली, आकडा आला.

कडेचा होता, फुला. या आकाराच्या ट्रान्झिस्टरमध्ये, आणि प्रदर्शनातलाही याच आकाराचा होता, बेस कडेला असतो, मधला पाय कलेक्टरचा. तू सातवी शिकलेली, तुला माहीत होतं, आणि मी पुस्तक तोंडासमोर धरलं होतं. तो माझा पहिला गुन्हा आहे असं समज. दुसरा गुन्हा सेल उतरल्याची थाप.

तीनही पाय मी पुन्हा दोनदा तपासले. मान वर केली तेव्हा ओट्यावरच्या माझ्या खुर्चीत तुझे दादा बसले होते. मी नसले की त्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं काम कोणीतरी करायला हवं, असं त्यांना वाटलं असावं. आणि आतल्या खोलीत त्यांच्या टीव्हीसमोरच्या खुर्चीत कोणीच नव्हतं. टीव्ही एकटाच बडबडत होता. तुझी जागा रिकामी झाली, तिथे मी सरकले. माझ्या जागी ते सरकले. रिकामी जागा बाकापासून निघून टीव्हीपर्यंत गेली होती. पाहा, म्हटलं, खड्डा चालतो. मी जिंकले. मग लगेच तुझं उत्तरही आलं, आणि तेही खरं होतं : जागा कुठे सरकली, सरकलो आम्ही. पासष्टीनंतर, गुडघे धरत, पण सरकलो. ते भांडण मी बरोबरीत सोडवते आहे. तुझी हरकत असेल तर कळव.

तारा बदलल्या. बेसची कडेला, कलेक्टरची मधे. बटण दाबलं. बल्ब क्षणभर चमकला आणि हळूहळू मंद झाला, आणि भोंग्यातून ती बारीक गुणगुण सुरू झाली जिला तू मशीनचा श्वास म्हणायचीस. दादा ओट्यावरून उठून आत आले. त्यांनी मीटरच्या तारा गुंडाळून तुझ्या खिळ्याला अडकवल्या, तू अडकवायचीस तशाच.

रविवारी विहारासमोर मंडप पडला. तुझ्या हातचा रेडिओ ज्याच्या घरी नाही असा माणूस शोधून सापडला नसता. जऊळक्याहून लोक आले, एकानं तर तुझ्याकडे दुरुस्तीला द्यायचा राहून गेलेला रेडिओ सोबतच आणला आणि आता तो घेऊन कुठे बसावं त्याला कळेना. मशीन लावली. गौतमराव मायक हातात घेऊन म्हणाले, "वैनी, टेस्टिंग तुमीच करा. तुमची मशीन हाये."

मी वर्गात हजारो वेळा उभी राहिले आहे. तरी मायक दोन्ही हातांनी धरला. समोर सगळं गाव बसलं होतं. मी म्हटलं, "फुला, मधला पाय बेस नव्हता. कडेचा होता. तू बरोबर होतीस आणि मी सगळ्यांसमोर तुला चूक ठरवलं."

भोंग्यातून ते अनसिंगभर गेलं.  पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं शेजारणीला विचारलं, "हे कोन्ती गाथा होय वं?" आणि शेजारीण म्हणाली, "इंग्रजी शाळेतली असन." मंडपात हसू फुटलं, आणि मीही हसले, मायक हातात असल्यामुळे तेही सगळ्या गावाला ऐकू गेलं.

एक काम राहिलं होतं. चाळीस वर्षं अनसिंगात राहून मी तुमची बोली कधी बोलले नाही. पुस्तकातलंच बोलत आले. त्या दिवशी मी आपल्या गच्चीकडे पाहिलं आणि म्हटलं, "फुला, आयकू येऊन राह्यलं काय?"

गच्चीवर तुझे दादा उभे होते. मी त्यांना पाठवलं नव्हतं. पांढरं म्हणजे काय आणि लाल म्हणजे काय, हे त्यांना इतक्या वर्षांत दोनदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही फडकी एकदम वर धरली, आणि बराच वेळ खाली घेतली नाहीत.